बारा मोठी की वीस?

आमच्या घराण्यात शस्त्रं फक्त खंडेनवमीला दिसतात. नाशिकला वडील पाटावर विळी, अडकित्ता, पकड, हातोडी आणि एक गंजलेली कुऱ्हाड मांडायचे. वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या कुऱ्हाडीने कुणी लाकूड फोडल्याचं मला आठवत नाही. डॅलसच्या उत्तरेला संसार थाटल्यावर पाटावर लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि बार्बेक्यूचा चिमटा आला, एवढाच फरक. अशा घरातल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि उणे सहा नंबरचा चष्मा लावणाऱ्या माणसाने घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यायचं ठरवलं. पुढे जे झालं त्यात बंदुकीचा काहीही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

निमित्त सोन्याचं. अमेरिकेतल्या देशी घरांत सोनं असतं हे इथल्या चोरांना चांगलं ठाऊक आहे. 2011 ते 2014 या काळात एका टोळीने टेक्साससह अनेक राज्यांत भारतीय आणि आशियाई कुटुंबं हेरून दरोडे घातले. टोळीची म्होरकी टेक्सासचीच एक बाई निघाली आणि तिला 37 वर्षांची शिक्षा झाली. हा सगळा इतिहास माझ्या बायकोने नवरात्रातल्या हळदीकुंकवात ऐकला आणि घरी येऊन पाटल्या, तोडे आणि मोहनमाळ बेसनाच्या डब्यात पुरली. म्हणजे चोराला पिठल्याची हुक्की आली नाही तरच आम्ही वाचणार. "तू काहीतरी कर," ती म्हणाली. तिच्या मनात अलार्म बसवणं होतं. मी म्हणालो, "बंदूक घेऊ."

तोवर ग्रीन कार्ड हातात आलं होतं म्हणून हे बोलता तरी आलं. एच-वन-बीवर असताना ती सोय नसते. व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक बाळगू नये असा इथला केंद्रीय कायदा आहे आणि त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. चित्र डोळ्यांपुढे आणा: संकष्टीला चंद्रोदयाची वेळ मोबाइलवर बघणारा सॉफ्टवेअर टेस्टर, आणि चोराला घाबरवण्याचा हक्क मिळावा म्हणून त्याने आधी हरणांच्या मागे लागायचं. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला त्यासाठी शिकारीचं रीतसर शिक्षणही घ्यावं लागतं. माझ्या एका पुणेकर मित्राने ते घेतलं. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, परवाना आहे, भडक नारिंगी जाकीट आहे. हरीण मात्र त्याने अजून पेशवे पार्कात पाहिलं तेवढंच.

मी ग्रीन कार्डवाला, म्हणून थेट दुकानात गेलो. काउंटरवरच्या दाढीवाल्या माणसाने विचारलं, "आधी कधी गोळी झाडली आहे?" मी हो म्हणालो. कालिकेच्या यात्रेत फुगे फोडायच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने मी पुष्कळ गोळ्या झाडल्या आहेत. फुगा एकही फुटला नाही, पण प्रश्न झाडण्याचा होता. त्याने मग फॉर्म 4473 वाचायला दिला. तुम्ही फरारी आहात का? गांजा ओढता का? कुठल्या न्यायालयाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं आहे का? सगळी उत्तरं हो-नाहीत. मी प्रत्येकावर इतका वेळ विचार करत राहिलो की तो माझ्याकडे बघू लागला. हा फॉर्म भरला की दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत नाव तपासतो. 1998 पासून ही सोय आहे आणि बहुतेकांचा निकाल काही मिनिटांत लागतो. माझ्या कोकणातल्या मामांनी रानडुकरांसाठी बाराबोरीचा परवाना मागितला होता. तिथे 1959 चा शस्त्र कायदा. अर्ज, चौकशी, दाखले आणि साहेबांची बदली होईपर्यंत मामांनी भात सोडून आंबा लावला.

आता बंदूक कोणती, हा प्रश्न. अमेरिकेत हा प्रश्न मोठ्याने विचारू नये. विचारलात तर समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यांनी कुंपणावरून सांगितलं, "शॉटगन. बारा गेज. पंप." म्हणजे नळीखालचा दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायची बंदूक. रेमिंग्टनची 870 ही त्यातली खानदानी. 1950 पासून निघते आणि एक कोटीच्या वर विकली गेली आहे. आजोबांचं म्हणणं, गोळी झाडायचीसुद्धा गरज नाही. अंधारात तो दांडा खट्-खटाक् वाजला की चोर पँट सांभाळत पळतो. मला हे फार आवडलं. न झाडता चालणारी बंदूक हीच माझ्या स्वभावाला मानवणारी.

दुकानात मी अनुभवी चेहरा करून म्हणालो, "मला सवय नाही. वीस गेज फार मोठी होईल. बाराच द्या."

दाढीवाल्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. मग त्याने जे समजावलं ते इतकं सुंदर होतं की मी अपमान विसरलो. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक ज्या नळीत बरोब्बर बसेल ती बारा गेज. त्याच पौंडाच्या वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, नळी लहान, धक्काही कमी. म्हणजे आकडा वाढतो तशी बंदूक उतरते. नवशिक्याने वीस घ्यावी. मी लगेच पाठ केलं आणि विचारलं, "मग ही चारशे दहा तर अगदीच बारीक असेल?" बारीक खरीच, पण ते गेज नाही, तो नळीचा व्यास आहे, 0.410 इंच. एवढं ऐकून मी थोडा वेळ टोप्यांच्या विभागात जाऊन उभा राहिलो.

शॉटगनचा सल्ला देणारे आजोबा एकटे नाहीत. 2013 साली जो बायडन उपराष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी जाहीर सांगितलं होतं की मी बायकोला सांगून ठेवलंय, काही गडबड वाटली तर दुनळी घेऊन बाल्कनीत जा आणि दोन बार काढ. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात एका गृहस्थाने गाडीशी खुडबुड करणाऱ्यांना पळवायला हवेत बार काढला. पोलिसांनी चोरांऐवजी त्यालाच धरलं आणि तो म्हणाला, मी बायडननी सांगितलं तेच केलं. उपराष्ट्राध्यक्षांचा सल्ला कोर्टात चालत नाही, हे त्यामुळे कळलं.

ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्याचं मत वेगळं. त्याच्या मते शॉटगन म्हाताऱ्यांची. घ्यायची ती एआर-15. धक्का कमी, नेम सोपा. त्याने फोनवर स्वतःचीच दाखवली. तिला इतकी उपकरणं लावलेली होती की बंदूक कुठली ते बोट ठेवून दाखवावं लागलं. मेहुणीने न्यू जर्सीहून कळवलं की ताईसाठी छोटंसं लेडीज रिव्हॉल्व्हर बघा. दुकानात तसं गुलाबी दस्त्याचं होतंही. ही मात्र शुद्ध फसगत, आणि अशी फसगत बायकांच्या गळ्यात नेमाने मारली जाते. बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का हाताला जास्त लागतो, आणि त्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका कडक असतो की ओढता ओढता नळीच हलते. पर्समध्ये मावतं म्हणून ते विकलं जातं. घरात काय पर्स घेऊन झोपायचं असतं?

काउंटरखाली एक ब्राउनिंगही होतं. मी वाकून नमस्कारच करणार होतो. नाशिकच्या मुलाला ब्राउनिंग हे नाव शाळेपासून माहीत. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, 'शारदा' नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. ते पिस्तूल ब्राउनिंगच होतं. हे मी दाढीवाल्याला उत्साहाने सांगू लागलो आणि कलेक्टरवर गोळी झाडल्याच्या वाक्यापाशी त्याचा चेहरा बदललेला पाहून नाटकाच्या संगीताकडे वळलो.

सगळ्या सल्लागारांत शहाणी एकच निघाली, ती म्हणजे नेमबाजीच्या रेंजवरची शिक्षिका. तिने कुठलीही बंदूक दाखवण्याआधी विचारलं, "घराच्या भिंती कशाच्या आहेत?" नाशिकच्या आमच्या वाड्याची भिंत काळ्या दगडाची, दीड हात जाड, तोफेशिवाय तिला कुणी विचारत नसे. टेक्सासमधलं आमचं घर म्हणजे लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. साधी नऊ मिलिमीटरची गोळी अशा कित्येक भिंती पार करते. झोपण्याच्या खोलीतून जिन्याकडे नेम धरला तर रेषेत पुढे मुलाची खोली, तिच्यापुढे आजोबांचं स्वयंपाकघर. नेमाच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हा इथला मूलभूत नियम. बाकीचे तीनही तिने म्हणून घेतले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नको त्यावर नळी रोखायची नाही आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर.

मग ती आवाज न चढवता म्हणाली, "घरात कुणी खचलेलं, निराश आहे का?" 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली आणि त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. चोराची भीती घेऊन येणाऱ्या माणसाला हा आकडा कुणी सांगत नाही. मुलगा तेव्हा पंधराचा होता, बारीकसारीक कारणांनी दार आपटणारा. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हाच आहे. पण कायदा नसता तरी त्या वाक्यानंतर मी पहिल्यांदा बंदुकीच्या किमतीआधी तिजोरीची किंमत विचारली.

प्रत्यक्ष झाडण्याच्या दिवशी आई बरोबर होती. ती सहा महिन्यांसाठी आलेली, आणि पाहुण्याच्या व्हिसावर असल्यामुळे बंदुकीला हात लावायला तिला कायद्यानेच बंदी. बाहेरच्या काचेआड ती त्रिपुरी पौर्णिमेच्या 750 वाती वळत बसली. शेजारी भला थोरला टेक्सन काडतुसं मोजत होता. थोड्या वेळाने पाहतो तर आईने त्याला कानात घालायला कापूस दिला होता आणि त्याने तो आदबीने घेतला होता.

पहिला बार बारा गेजचा. दस्ता खांद्यात नीट रुतवायला सांगितलं होतं. मी तो सभ्यपणे अंतर राखून धरला. पोळ्याच्या बैलाने ढुशी द्यावी तसा मी मागे आलो. पुढचे काही दिवस उजव्या हाताने भात कालवता येईना. आणि ते खट्-खटाक्? शिक्षिकेने त्याचाही निकाल लावला. घाबरलेला नवशिका दांडा अर्धाच ओढतो आणि काडतूस अडकतं. चोर पळाला नाही तर त्याला तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते मात्र कळतं. शॉटगनला नेम लागत नाही हीही अफवाच. खोलीभर अंतरात छर्रे फार पसरत नाहीत, नेम धरावाच लागतो.

आणि माझा नेम! उजव्या मार्गिकेतून मी झाडलेल्या गोळ्या डावीकडच्या गृहस्थाच्या कागदावर जाऊ लागल्या. त्याने सुरुवातीला आनंदाने मोजल्या, मग संशयाने. शिक्षिकेने दोन्ही हातांचा त्रिकोण करून त्यातून समोरच्या घड्याळाकडे बघायला लावलं, आळीपाळीने एकेक डोळा मिटायला सांगितला. निष्कर्ष: हात उजवा, पण मुख्य डोळा डावा. चाळीस वर्षांपूर्वीच्या कालिकेच्या यात्रेचा उलगडा टेक्सासमध्ये झाला. त्या फुगेवाल्याला मी मनातल्या मनात इतकी वर्षं लबाड म्हणत होतो.

मग पिस्तूल. पिस्तुलाची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, फळीवर आपटते आणि जिथे जागा मिळेल तिथे जाते. मी इस्त्रीचा, वरचं बटण उघडं असलेला शर्ट घालून गेलो होतो. बंद गळ्याचं का घालायला सांगतात, ते छातीवरून पोटाकडे निघालेली तापलेली पुंगळी फार थोडक्यात समजावते. मी नाचू लागलो. हातात भरलेलं पिस्तूल होतं. शिक्षिकेने एका हाताने माझं मनगट समोरच्या दिशेला दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल काढून घेतलं. हे तिने इतक्या सवयीने केलं की अशी माणसं तिच्याकडे रोज येत असावीत. काचेआडून आईने विचारलेलं मला ओठांवरून कळलं: "काय रे, मुंगी चावली का?"

शिक्षिकेचा लेखी सल्ला असा: बंदूक घ्यायचीच तर वीस गेजची अर्धस्वयंचलित, म्हणजे दांडा ओढायची भानगड नाही, आधी डाव्या खांद्यावरून झाडायला शिका, आणि तोवर घरात सरावाला ही न्या. 'ही' म्हणजे निळ्या प्लॅस्टिकचं नकली पिस्तूल. आत काही नाही, चापही हलत नाही. नवशिक्याला याहून उत्तम शस्त्र मी पाहिलेलं नाही.

एव्हाना बायकोने माझी वाट न बघता अलार्म बसवून घेतला होता. एका रात्री सगळे झोपल्यावर मी रंगीत तालीम करायचं ठरवलं. चोर व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून चोर मीच आणि मालकही मीच. लेंग्याच्या एका खिशात जड टॉर्च, दुसऱ्यात फोन, नाडीत निळं पिस्तूल. चोर या नात्याने मी मागचं दार उघडून आत आलो. मग मालक या नात्याने वर जाऊन आडवा झालो, दचकून उठलो आणि चष्मा शोधू लागलो. तो सापडेना. उणे सहाला चष्म्याशिवाय जिना आणि चोर यात फरक करता येत नाही. तेवढ्यात अलार्म बोंबलायला लागला, कारण चोराने तो बंद केला नव्हता आणि मालकाला कोड आठवत नव्हता. खिशातला फोन थरथरू लागला. तो अलार्म कंपनीचा होता, हे नंतर कळलं.

पोलीस फार लवकर आले. दार आईने उघडलं. तिने त्यांना "कम, कम, सिट" असं स्वागताचं म्हटलं आणि जिन्याकडे हात करून, जेवढं इंग्रजी होतं तेवढ्यात परिस्थिती स्पष्ट केली: "सन इनसाइड. गन इनसाइड."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो. खालून दोन प्रखर झोत आणि एक आज्ञा आली, की हात वर आणि हलायचं नाही. मी हात वर केले. नाडी टॉर्चच्या वजनाने आधीच सैल झाली होती. पिस्तूल निसटलं आणि निळं निळं उड्या मारत पायऱ्या उतरत पोलिसांच्या बुटापाशी थांबलं. त्याच्या मागोमाग लेंगा. "हलायचं नाही" ही आज्ञा कायम असल्यामुळे तो वर घेता आला नाही. बायको खोलीतून बाहेर आली, तिने परिस्थितीकडे नजर टाकली आणि शांतपणे सांगितलं, "ऑफिसर, हा माझा नवरा आहे. हा असाच आहे."

दोघांतल्या वयस्काने नंतर पाणी घेतलं, आईने आग्रहाने दिलेला चिवडाही घेतला आणि पुढच्या दाराच्या चौकटीवर टॉर्च मारली. कडी अडकते ती पत्र्याची पट्टी पाऊण इंचाच्या स्क्रूंवर टेकलेली होती. एक लाथ पुरे. तीन इंची स्क्रू घाला, ते आतल्या मुख्य लाकडात जातात, असं तो म्हणाला. घरफोड्या बहुतेक घरात कुणी नसतानाच होतात, तेव्हा तुमची बंदूक चोरालाच सापडेल, हेही त्याने सांगितलं. मी नंतर शोधलं. 2003 ते 2007 या वर्षांच्या सरकारी पाहणीत घरात माणूस असताना झालेल्या घरफोड्या सुमारे 28 टक्केच होत्या.

तीन इंची स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात काही डॉलरमध्ये मिळाले. घट्ट बसले आहेत. डाव्या खांद्यावरचा सराव मी अधूनमधून करतो. वीस गेजचा विचार शिक्षिका हो म्हणेल तेव्हा. सोनं बेसनातून निघून बँकेच्या लॉकरमध्ये गेलं आहे, तेव्हा या लेखाचा कुणी भलताच उपयोग करून घेऊ नये. निळं पिस्तूल मात्र पडून आहे. डॅलसच्या आसपास कुणा नवशिक्या मराठी माणसाला हवं असेल तर खुशाल घेऊन जावं. येण्याआधी फोन करावा, रात्री येऊ नये, आणि बेल वाजवून दारातच थांबावं. दार आई उघडेल.